सगळ्यात लांब गेलेला फटका विसरा

गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, घ्यायला गेलेला माणूस साधारण असा वागतो: तीन ड्रायव्हर मागवतो, प्रत्येकाने पाच-सहा बॉल मारतो, तिसऱ्याने मारलेला एखादा बॉल फटका मोजणाऱ्या यंत्राच्या स्क्रीनवर बाकीच्यांच्या पंधरा यार्ड पुढे दिसतो आणि पाकीट बाहेर येतं. महिन्याभरात तोच ड्रायव्हर जुन्याइतकाच लांब आणि जुन्याहून जास्त वाकडा मारायला लागतो. मग शाफ्टला, म्हणजे दांड्याला शिव्या, बॉलला लागणाऱ्या हेडला शिव्या, शेवटी नवीन ड्रायव्हर. खरं तर घोळ चाचणीतच झालेला असतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. ड्रायव्हरच्या हेडवर नियमांचं झाकण घट्ट बसलेलं आहे. यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांच्या नियमांप्रमाणे हेडचा आकार ४६० घन सेंटिमीटरच्या वर जाऊ शकत नाही. मोजणीतली सूट फक्त १० ची. फेस, म्हणजे हेडची बॉलला लागणारी बाजू, किती उसळता असावा यालाही मर्यादा आहे. लोलकाला लावलेला पोलादी गोळा फेसवर आदळवतात आणि तो किती वेळ टेकून राहिला हे मायक्रोसेकंदांत मोजतात. मर्यादा २३९ आणि वर १८ ची सूट. ही पद्धत २००४ पासून चालू आहे. सगळ्या मोठ्या कंपन्या या रेषेला जवळजवळ चिकटूनच हेड बनवतात. म्हणजे फेसच्या बरोबर मध्यावर बसलेल्या फटक्यात चालू वर्षीचा ड्रायव्हर चार-पाच वर्षांपूर्वीच्या चांगल्या ड्रायव्हरला वीस यार्डांनी मागे टाकेल हे शक्य नाही. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

फरक उरतो तो मध्य चुकल्यावर. फटका टोकडे (फेसच्या बाहेरच्या टोकाला) किंवा हीलकडे (शाफ्टच्या बाजूला) बसला की हेड हातात पिळवटतं. ते किती कमी पिळवटेल हे त्याच्या जडत्वावर ठरतं, आणि यालाही ५९०० ग्रॅम वर्ग सेंटिमीटरची मर्यादा आहे, सूट १०० ची. मग दुकानात दिसणारं ‘१०के’ हे काय प्रकरण? ती दोन आसांची बेरीज आहे. टो-हील दिशेतलं जडत्व आणि वर-खाली दिशेतलं जडत्व मिळून दहा हजारांवर गेलं की आकडा मोठा दिसतो. अशी हेडं खोटी नाहीत, चांगलीच असतात, पण दहा हजार म्हणजे मर्यादेच्या दुप्पट असा हिशेब करू नका.

तर फरक लहान असतात. आणि लहान फरक पाच बॉलांत दिसत नाहीत. कसे दिसत नाहीत ते आकड्यांत बघा. समजा तुमच्या बऱ्या फटक्यांची कॅरी, म्हणजे बॉल जमिनीला टेकेपर्यंत हवेत कापलेलं अंतर, सरासरीच्या अलीकडे-पलीकडे साधारण १२ यार्डांनी हलते, म्हणजे संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन १२. हौशी खेळाडूसाठी हा काही वाईट आकडा नाही. पाच बॉलांची सरासरी काढलीत तर ती सरासरी स्वतःच १२ भागिले पाचाचं वर्गमूळ, म्हणजे साडेपाचेक यार्डांनी डळमळते. दोन ड्रायव्हरांची तुलना करताना दोन्हीकडचा डळमळीतपणा मिसळतो आणि फरकातली अनिश्चितता साडेसात यार्डांच्या वर जाते. आता स्क्रीनवर ‘नवीन ड्रायव्हर ६ यार्ड पुढे’ असं दिसलं तर त्याचा अर्थ काय? काहीही नाही. एकाच ड्रायव्हरने पाच-पाचचे दोन संच मारले तरी एवढा फरक सहज पडतो. प्रत्येकी वीस बॉल मारलेत तर अनिश्चितता पावणेचार यार्डांवर येते. तिथे कुठे सहा यार्डांना जरा वजन येतं.

वीस बॉल, तीन ड्रायव्हर, म्हणजे साठ पूर्ण स्विंग. एका बैठकीत हे होत नाही. चाळीस-पन्नास फटक्यांनंतर क्लबचा वेग पडायला लागतो आणि शेवटी हातात आलेला ड्रायव्हर विनाकारण मार खातो. दोन दिवसांत वाटून घ्या, नाहीतर तिसरा ड्रायव्हर चाचणीतूनच काढून टाका.

क्रमही महत्त्वाचा. एकाने वीस मारून मग दुसरा हातात घेतला तर पहिल्याला थंड अंग मिळतं आणि दुसऱ्याला तापलेलं किंवा थकलेलं. म्हणून पाच-पाचचे गट करा: आधी अ, मग ब, परत ब, मग अ. पुढची फेरी ब पासून सुरू करा. क्लब बदलला की पहिले दोन बॉल मोजायचे नाहीत, कारण हात अजून आधीच्या वजनाच्या सवयीत असतात. फसलेले फटके गाळायचे का, हे चाचणीआधी ठरवा आणि सगळ्यांना एकच नियम लावा. माझ्या मते बॉलच्या डोक्यावर घासलेला फटका तेवढा गाळावा. उजवीकडे झाडीत गेलेला गाळू नये, कारण तोच तर आपल्याला मोजायचा आहे.

आणि या अ-ब मध्ये एक ड्रायव्हर तुमचा स्वतःचा जुना असलाच पाहिजे. नवीन विरुद्ध नवीन अशी चाचणी घेतली की दोघांपैकी एक जिंकतोच, पण जुन्यापेक्षा तो बरा आहे का, हा प्रश्न विचारलाच जात नाही. जुना ड्रायव्हर घरी ठेवून येणाऱ्या गिऱ्हाईकाला विकणं सोपं असतं.

बॉल सगळ्या ड्रायव्हरांना एकच हवा आणि शक्यतो तुम्ही खेळता तोच. रेंजवरचे, म्हणजे सरावाच्या मैदानावरचे बॉल कडक कवचाचे, झिजलेले आणि एकमेकांपासून वेगळे असतात; त्यांच्यावर मिळालेल्या स्पिनच्या आकड्याला काही अर्थ नाही. आपले सहा नवे बॉल घेऊन जा. बंदिस्त जागेतल्या बेमध्ये (फटके मारायच्या कप्प्यात) जाळीत मारायचे असतील तर सहा पुरतात.

टीची, म्हणजे बॉल ठेवायच्या खुंटीची उंची लोक हमखास विसरतात. ड्रायव्हर बॉलमागे टेकवल्यावर अर्धा बॉल क्राउनच्या (हेडच्या वरच्या पृष्ठभागाच्या) वर दिसावा, ही सुरुवातीची बरी खूण. लाकडी टीवर पेनाने रेघ मारून ठेवा आणि प्रत्येक वेळी मॅटच्या पातळीला ती रेघ आणा. रेंजवरची रबरी टी एकाच उंचीची असते आणि ती बहुतेकदा बुटकी असते. बुटक्या टीवर फटका फेसच्या खालच्या भागात बसतो, बॉल खालून निघतो, स्पिन वाढतो, आणि मग ‘तुम्हाला लो-स्पिन हेड लागेल’ असा सल्ला मिळतो. लागत होती पाऊण इंच उंच टी.

आता फवारा. पायांना मारायची पावडर डब्यातून फवारा करून मिळते, ती पांढरी सुकी पावडर चाचणीसाठी अगदी उत्तम. फेस आधी कोरड्या फडक्याने पुसायचा, डबा वीतभर लांब धरायचा आणि एकच पातळ हात मारायचा. काळा फेस राखाडी दिसला की पुरे. पांढराफेक झाला तर जास्त झालं. दहा-पंधरा सेकंद सुकू द्या. फटका बसल्यावर गोल डाग उठतो, त्यात बॉलच्या खळग्यांची नक्षीसुद्धा दिसते. तीन-चार फटक्यांपर्यंत डाग वेगवेगळे ओळखू येतात, मग मोबाइलवर फोटो काढून ओल्या फडक्याने पुसायचं. फोटो सरळ समोरून काढा. तिरका काढलात तर टोकडचा डाग मध्यावर असल्यासारखा दिसतो.

एक पथ्य आहे. फेसवर पावडर किंवा चिकटपट्टी असताना बॉल आणि फेस यांच्यातलं घर्षण बदलतं, त्यामुळे त्या फटक्यांचा स्पिन वहीत लिहायचा नाही. काही फटके फवारा मारून फक्त डागांसाठी, बाकीचे स्वच्छ फेसवर आकड्यांसाठी.

डाग वाचायला शिकलं की अर्धी निवड तिथेच होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं उदाहरण घेऊ. डाग टोकडे असेल तर हेड मागे उघडतं आणि दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरावीत तसं बॉलला उलट्या दिशेचं फिरणं मिळतं. बॉल डावीकडे वळतो. हीलकडे डाग असेल तर बॉल उजवीकडे वळतो. फेस आडव्या दिशेत किंचित फुगवलेला असतो तो यासाठीच: टोचा फटका जरा उजवीकडे निघून परत आत यावा, हीलचा डावीकडे निघून परत यावा. उभ्या दिशेतही हाच खेळ चालतो. मध्याच्या वर बसलेला फटका उंच निघतो आणि कमी फिरतो, खाली बसलेला बुटका निघतो आणि जास्त फिरतो. म्हणून मध्याच्या बोटभरही नाही, पाव इंच वर बसलेला फटका बहुतेकदा सगळ्यात लांब जातो.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. ‘माझा स्लाइस (बॉल उजवीकडे वळून जाणं) जात नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या फेसवर डाग हीलकडे गोळा झालेले दिसतात. फेस उघडा राहण्याचा दोष असेलही, पण त्यावर हीलच्या फटक्याने आणखी वळण चढवलेलं असतं. अशा माणसाला डावीकडे वळवणारं, हीलकडे वजन ठेवलेलं हेड दिलं तर थोडा फरक पडतो. ड्रायव्हर इंचभर आखूड करून दिला तर कधी कधी त्याहून जास्त पडतो.

लांबीबद्दल जरा सविस्तर बोलायलाच हवं, कारण हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात स्वस्त बदल आहे. नियमांत ड्रायव्हरची कमाल लांबी ४८ इंच आहे. जानेवारी २०२२ पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी ४६ इंचांचा स्थानिक नियम लावण्याची मुभा आली. रोजच्या खेळाला तो लागू होत नाही. दुकानातले बहुतेक ड्रायव्हर साडेपंचेचाळीस ते पावणेसेहेचाळीस इंचांचे असतात, आणि ज्यांचा रोजचा धंदाच गोल्फ आहे असे अनेक खेळाडू ४५ किंवा त्याहून आखूड वापरतात. लांब शाफ्टने वेग वाढतो हे खरं, पण अर्ध्या इंचाला मिळणारा वेग फार तर ताशी एखादा मैल, तोही प्रत्येकाला मिळत नाही. त्या बदल्यात डाग फेसभर पसरतात. मध्य चुकल्यावर बॉलचा वेग जो पडतो तो त्या एका मैलाला केव्हाच खाऊन टाकतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. दहा बॉल नेहमीच्या पकडीने मारा, दहा बॉल ग्रिपवर हात इंचभर खाली सरकवून. दोन्ही वेळचे डागांचे फोटो शेजारी ठेवा. डागांचा पुंजका स्पष्ट आवळला असेल आणि कॅरीची सरासरी दोन-चार यार्डांच्या आत राहिली असेल तर आखूड ड्रायव्हर तुमच्यासाठी आहे.

मात्र घरी जाऊन करवत काढू नका. शाफ्ट वरच्या टोकाकडून इंचभर कापला की हेड हातात हलकं लागायला लागतं. स्विंगवेटच्या, म्हणजे हेड हातात किती जड लागतं हे सांगणाऱ्या पट्टीवर अर्ध्या इंचाला तीन, म्हणजे इंचाला सहा अंक उतरतात. डी३ चा क्लब सी७ वर येतो. हेडमध्ये साधारण दोन ग्रॅम वाढवले की एक अंक परत मिळतो. सगळं जसंच्या तसं हवं असेल तर दहा-बारा ग्रॅम लागतील. हेडला बदलता येणारा स्क्रू-वजनाचा खिळा असेल तर जड खिळा बसवायचा, नाहीतर शिशाची चिकटपट्टी. अर्धा इंच रुंद पट्टीचा चार इंचांचा तुकडा साधारण दोन ग्रॅमचा भरतो. पट्टी सोलच्या (हेडच्या तळाच्या) मागच्या भागावर लावा, फेसवर नाही. आणि कापायचं काम माहितगाराकडून करून घ्या. ग्राफाइट शाफ्ट साध्या करवतीने कापला की तंतू उसवतात आणि चिरा आतपर्यंत जातात. स्वतः करणारच असाल तर कापायच्या जागी कागदी चिकटपट्टी गुंडाळून बारीक दातांचं किंवा घासून कापणारं पातं वापरा आणि धूळ नाकात जाऊ देऊ नका.

आता लॉफ्ट, म्हणजे फेस मागे किती कललेला आहे तो कोन. हेडवर छापलेला आकडा म्हणजे साधारण अंदाज. १०.५ लिहिलेलं हेड प्रत्यक्षात एखाद्या अंशाने इकडे-तिकडे निघू शकतं. म्हणून छापील आकड्यावर नाही, बॉल कसा निघतो यावर निवड करा.

ताशी ९५ मैल क्लबवेगाचं उदाहरण घेऊ. फटका मध्यावर बसला तर बॉलचा वेग १४० च्या आसपास मिळतो. या दोघांच्या भागाकाराला स्मॅश फॅक्टर म्हणतात आणि ड्रायव्हरला त्याची व्यवहारातली कमाल १.५० च्या आसपास असते. एखाद्या स्क्रीनवर सतत १.५४ दिसत असेल तर खूश होऊ नका. यंत्र क्लबचा वेग कमी मोजतंय. या वेगाला बॉल १३ ते १५ अंशांनी निघावा आणि मिनिटाला २३०० ते २८०० फेऱ्या फिरावा, तर कॅरी चांगली मिळते. तुलनेसाठी टूरवर कोणाकडे बघायचं तर एलपीजीए या बायकांच्या व्यावसायिक टूरच्या खेळाडूंकडे. त्यांचा सरासरी क्लबवेग याच्याच जवळपास आहे आणि कॅरी सव्वादोनशे यार्डांच्या आत-बाहेर. पुरुषांच्या पीजीए टूरवर सरासरी वेग ११५ च्या घरात, त्यांचं बघून नऊ अंशांचं हेड घेणं म्हणजे पैलवानाचा खुराक बघून आपली थाळी वाढून घेणं. कमी वेगाला कमी लॉफ्ट दिला की बॉल तरंगतच नाही, नाक खाली करून पडतो.

समजा स्क्रीनवर ११ अंश आणि ३५०० फेऱ्या दिसताहेत. लगेच लो-स्पिन हेड मागवू नका. आधी कारण शोधा, आणि या क्रमाने: डाग फेसच्या खालच्या भागात आहेत का? असतील तर टी उंच करा. डाग मध्यावर आहेत, मग हेड बॉलवर खाली उतरताना लागतंय का? आघातकोन (बॉलला लागताना हेड वर जातंय की खाली, तो कोन) उणे तीन-चार अंश दिसत असेल तर बॉलची जागा आणि उभं राहणं बघा. बॉल पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत आहे ना? स्पिन ठरवतं ते आघाताच्या क्षणीचा लॉफ्ट आणि आघातकोन यांच्यातलं अंतर. खाली उतरणाऱ्या स्विंगने ते अंतर रुंदावतं. हे दोन्ही ठीक असूनही स्पिन वर असेल, तरच हेडकडे किंवा लॉफ्टकडे वळा.

लॉफ्ट बदलणारा स्लीव्ह (शाफ्ट हेडला जोडणारी नळी) आता जवळजवळ सगळ्या ड्रायव्हरांना असतो. यातली गोम अशी, की हेडचा कोन बदलताना फेसची दिशाही बदलते. ड्रायव्हर जमिनीवर नेहमीसारखा टेकवला तर लॉफ्ट वाढवल्यावर फेस बंद दिसतो आणि लॉफ्ट कमी केल्यावर उघडा. म्हणजे उजवीकडे बॉल घालवणाऱ्याने ‘जरा खाली उडावा’ म्हणून एक अंश कमी केला तर उजवीकडचं दुखणं बळावू शकतं. एक अंश छोटा वाटतो, पण बॉल एक अंश वाकडा निघाला तर २२० यार्डांवर जवळजवळ चार यार्ड बाजूला पडतो, आणि वळण त्यावर आणखी वेगळं.

सेटिंग बदलताना स्क्रू सैल करून हेड पूर्ण बाहेर काढा, स्लीव्हचे दाते आणि हेडच्या आतली बैठक फडक्याने पुसा, हव्या खुणेवर बसवा आणि पान्याचा ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत आवळा. एकदा आवाज आला की थांबायचं. आवाज येण्याआधी बॉल मारायचा नाही. सैल स्लीव्ह पहिल्याच फटक्याला दाते खातो. मुद्दाम सेटिंग बदलायची मुभा फेरी सुरू होण्याआधीच असते, फेरी चालू असताना नाही. चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदला. लॉफ्ट, वजनाची जागा आणि शाफ्ट एकदम बदलून बॉल सरळ गेला, तर कशामुळे गेला हे तुम्हालाही कळणार नाही आणि क्लब जुळवून देणाऱ्या फिटरलाही.

सरकत्या वजनांबद्दल थोडक्यात. वजन मागे नेलं की हेड स्थिर होतं आणि बॉल जरा उंच निघतो. पुढे आणलं की स्पिन उतरतो आणि मध्य चुकलेल्या फटक्याला मिळणारी माफी कमी होते. हीलकडे नेलं की फेस बंद व्हायला मदत. परिणाम खरा असतो, पण दहा-पंधरा ग्रॅमचा; स्विंगमधला मोठा दोष त्याने झाकला जात नाही.

शाफ्टच्या बाबतीत पहिली गोष्ट म्हणजे ताठरपणा सांगणाऱ्या आर, एस, एक्स या अक्षरांना कसलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका ताठ असू शकतो. अक्षर बघून घेतलेला शाफ्ट म्हणजे मापाचा आकडा बघून, पायात न घालता घेतलेला बूट. त्यामुळे आधी वजन ठरवा, मग ताठरपणा. ड्रायव्हरचे शाफ्ट साधारण ४० ते ८० ग्रॅमच्या दरम्यान येतात. एकाच हेडवर पन्नास ग्रॅमचा आणि पासष्ट ग्रॅमचा असे दोन शाफ्ट लावून डागांचे पुंजके बघा. काहींच्या हातात हलका शाफ्ट भरकटतो, काहींचे खांदे जड शाफ्टने दहाव्या बॉलनंतर उतरतात. हे आधी सांगता येत नाही, मारूनच कळतं. ताठरपणाचा परिणाम बॉल निघण्याच्या कोनावर आणि स्पिनवर लोक समजतात त्यापेक्षा लहान असतो. हेड कुठे आहे याचा हाताला येणारा अंदाज मात्र त्याने बराच बदलतो. चाचणीच्या दोन्ही शाफ्टची लांबी आणि ग्रिप सारखी आहे ना, हे टेप लावून बघा. बेमधले डेमो शाफ्ट अर्ध्या-पाऊण इंचाने कमी-जास्त निघतात, आणि मग आपण शाफ्टच्या नावाखाली लांबीची चाचणी घेत बसतो.

लाँच मॉनिटरवर, म्हणजे फटका मोजणाऱ्या यंत्रावर, सगळेच आकडे सारख्या भरवशाचे नसतात. रडारवर चालणारं यंत्र बॉलच्या उड्डाणाचा मागोवा घेतं. ते मोकळ्या मैदानात उत्तम, पण बंद खोलीत बॉल चार-पाच मीटरवर पडद्याला धडकतो आणि पुढचं सगळं गणिताने काढावं लागतं. अशा ठिकाणी स्पिन नीट हवा असेल तर बॉलवर धातूची बारीक टिकली लावतात किंवा खास खुणेचे बॉल वापरतात. कॅमेऱ्यावर चालणारं यंत्र आघाताच्या आसपासचे फोटो घेतं. बॉलचा वेग, कोन आणि स्पिन चांगला पकडतं, क्लबची माहिती मात्र फेसवर टिकल्या चिकटवल्या असतील तरच नीट देतं. स्वस्त यंत्रांत फेसचा कोन आणि स्विंगची वाट बहुतेकदा बॉलच्या उड्डाणावरून अंदाजाने काढलेली असते. कोणता आकडा मोजलेला आणि कोणता काढलेला हे बे चालवणाऱ्याला विचारा.

सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि बॉलचा प्रकार काय भरलाय ते बघून घ्या. उंचीच्या रकान्यात दोन हजार मीटर राहून गेले असतील तर सगळेच ड्रायव्हर अचानक लांब उडतात. आणि एकूण अंतराकडे दुर्लक्ष करून कॅरीच बघा. एकूण अंतरात जमिनीवरचं घरंगळणं धरलेलं असतं आणि ती जमीन यंत्राने गृहीत धरलेली असते, काही ठिकाणी सिमेंटइतकी टणक.

वहीत काय लिहायचं? प्रत्येक फटक्याला बॉलचा वेग, निघण्याचा कोन, स्पिन, कॅरी आणि मध्यरेषेपासून डावी-उजवीकडचं अंतर. मग दोन ड्रायव्हरांचे वीस-वीस ठिपके कागदावर मांडा. समजा अ ची सरासरी कॅरी २१४ यार्ड आली आणि वीसपैकी अकरा बॉल मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पंधरा यार्डांच्या आत पडले. ब ची कॅरी २०९, पण पंधरा बॉल आत. तीस यार्ड रुंद फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा, ब ने वीसपैकी चार वेळा जास्त गाठला. पाच यार्ड म्हणजे पुढच्या फटक्याला अर्ध्या क्लबचाही फरक नाही. मी डोळे झाकून ब घेईन. उलट तुमचे फेअरवे ऐसपैस असतील आणि बाजूचं रान, म्हणजे रफ, बोडकं असेल, तर अ घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. ठिपक्यांत आणखी एक बघा: बॉल दोन्ही बाजूंना सांडलेत की एकाच बाजूला? एकाच बाजूला सांडत असतील तर तेवढं डावीकडे किंवा उजवीकडे धरून खेळता येतं. दोन्हीकडे सांडणाऱ्या ड्रायव्हरला कुठे धरून उभं राहायचं हे कोणी सांगू शकत नाही.

आवाजाने फसू नका. खणखणीत आवाजाचं हेड वेगवान वाटतं, दबक्या आवाजाचं मऊ आणि सुस्त. बॉलच्या वेगाचा आकडा बघितलात तर बऱ्याचदा दोघं सारखेच निघतात. कानाला सहनच होत नसेल तर वेगळी गोष्ट. चार वर्षं ऐकायचा आहे तो.

बेमधल्या चाचणीनंतर शक्य असेल तर तो ड्रायव्हर एका फेरीपुरता मागून घ्या. पडद्यासमोर डावीकडे पाणी नसतं, उजवीकडे हद्दीचे पांढरे खुंट नसतात आणि वारा तर नसतोच. समोरून वारा आला की जास्त स्पिनचा बॉल फुग्यासारखा वर चढून जागीच पडतो, हे बाहेरच दिसतं.

वापरलेला ड्रायव्हर घेत असाल तर हेडच्या फेसवर नख फिरवून बघा, केसाएवढी चीर नखाला अडते. फेस उजेडात तिरका धरून खोलगट भाग दिसतो का ते पाहा. क्राउनवर पांढरे ओरखडे असतील तर कोणीतरी बॉल फेसऐवजी क्राउनने मारलाय. रंगापुरतं असेल तर चालतं, तडा असेल तर नाही. हेड कानाजवळ धरून हलवा. आत खुळखुळत असेल तर बहुतेक वेळा गोंदाचा गोळा सुटलेला असतो, तो दुरुस्त होतो, पण किंमत पाडायला कारण मिळतं. शाफ्टवर स्लीव्हच्या लगतचे दोन इंच नीट बघा, बॅगेत घासून तिथेच खाच पडते. हेडचं नाव आणि लॉफ्ट नियमबद्ध ड्रायव्हरांच्या अधिकृत यादीत आहे का ते शोधा. यूएसजीए आणि आर अँड ए दोघांच्या संकेतस्थळावर ती चित्रांसकट मिळते. नकली माल ओळखायलाही त्या चित्रांचा उपयोग होतो: सोलवरच्या अक्षरांची जाडी आणि खाचांची ठेवण नकलेत चुकते. अनुक्रमांक नसणं किंवा खरवडलेला असणं हे तर उघडच.

आणि वीस-वीस बॉल मारून जुनाच पुढे निघाला, असंही होतं. होतं म्हणजे बऱ्यापैकी वेळा होतं. मग आधी त्याची ग्रिप बघा; चकचकीत, कडक झालेली ग्रिप हात नकळत आवळायला लावते. नवीन ग्रिप त्याच वजनाची आणि त्याच जाडीची टाकून घ्या, साधारण पन्नास ग्रॅमची. स्लीव्हचा स्क्रू आणि वजनाचा खिळा पान्याने ‘कट्’ होईपर्यंत आवळा. टीवर रेघ मारा. हात इंचभर खाली धरून आणखी दहा बॉल फवारा मारून मारा, आणि डागांचे फोटो काढून ठेवा.